बासष्टावा हिस्सा

शेवटच्या सहीआधी
ऑस्ट्रँडर वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं,
"व्हर्लीन, वाचलंस ना सगळं?"
हो म्हटलं.
खोटं होतं.
एकतिसाव्या पानापर्यंतच पोचले होते,
रात्रपाळी संपवून, भाड्याच्या खोलीत,
सिंकपाशी उभ्यानं.

एकतिसावं पान म्हणत होतं:
कुंपण चार फुटांच्या वर नको.
दाराचा रंग आधी समितीला दाखवावा.
आणि बाहेरून दिसेल अशी
कपडे वाळत घालायची दोरी
कुठेही, कधीही नको.

सव्वीस वर्षं डेटनच्या इस्पितळात
मी परक्यांच्या आजारपणाच्या चादरी
वाफेच्या यंत्रातून काढल्या,
कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घातल्या.
घर घ्यायचं ठरलं तेव्हा
डोळ्यांपुढे खोल्या नव्हत्याच.
दोन खांब होते, मध्ये दोरी,
आणि वाऱ्यानं फुगलेली एक चादर,
माझी.

"या अटी जमिनीबरोबर धावतात," बाई म्हणाल्या,
"माणसाबरोबर नाही.
तू घर विकलंस, तू मेलीस, तरी त्या इथेच."
चंद्रसूर्य असेतो, म्हणजे.
मला दिसलं
गाडीमागे धावणारं कुत्रं,
हाकणारा बदलला तरी
त्याच गाडीमागे.

मग त्यांनी नकाशा उलगडला.
मोजणीदाराची तांबडी रेघ
परसाच्या कुंपणाच्या अकरा फूट अलीकडे.
आधीचा मालक, एमेट स्ट्राउड,
दर दोन-चार वर्षांनी कुंपण जरासं सरकवत गेला असणार,
झोपेत माणूस पांघरूण ओढून घेतो तसं.
त्या अकरा फुटांत त्यानं
नासपतीचं झाड लावलं होतं.

"ती जमीन सामाईक," बाई म्हणाल्या.
तळं, पायवाट, उतारावरचं गवत,
बासष्ट घरांचं मिळून एकच.
"तुझा हिस्सा बासष्टावा.
तो वेगळा काढून मिळत नाही,
वेगळा विकता येत नाही."
आणि त्याचे दरमहा ऐंशी डॉलर.

सही केली.
पेन छान चालत होतं. ते ठेवून घे म्हणाल्या.

मे महिन्यात कुंपण मागे घेतलं,
मीच, पहारीनं, तीन रविवार लागले.
एका खांबाच्या खड्ड्यात काचेची गोटी निघाली.
झाड पलीकडे राहिलं.

सप्टेंबरात सभा,
शाळेच्या वाचनालयात, पहिलीच्या खुर्च्यांवर,
सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.
मी दोरीचा ठराव मांडला.
बेचाळीस हात हवे होते,
एकोणचाळीस वर आले.
विरोधात बोललं असं कोणीच नाही.
तपकिरी कोटातल्या एका गृहस्थानं एवढंच विचारलं,
"ड्रायर नाहीये का तुमच्याकडे?"
आहे ना.
तेच तर.

घरी आले तर झाडाखाली
सतरा नंबरचा टोबिन,
सदऱ्याचा ओचा करून त्यात फळं.
मला बघून थिजला.
"हे झाड तुमचं आहे?"

मी मनातल्या मनात हिशेब केला.
वर साधारण चाळीस असतील.
भागिले बासष्ट.
माझ्या वाट्याला एक पुरतंही येत नव्हतं.
"थोडंसं," मी म्हटलं.
त्यानं विचार केला.
"मग माझंपण थोडंसं."

तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आम्ही.
त्यानं दोन. मी तीन,
म्हणजे चार-पाच घरांचं मी खाल्लं,
एमेट स्ट्राउडचं धरलं तर आणखी एकाचं.
रस कोपरापर्यंत ओघळला.
फळं कडक होती अजून, आठवडाभर थांबायला हवं होतं.

रात्री तळघरात
एका पाइपापासून दुसऱ्या पाइपापर्यंत दोरी बांधली,
ओली चादर टाकली, चिमटे लावले,
आणि जमिनीलगतची हातभर खिडकी
ढकलून उघडली.
येईल तेवढा वारा येऊ दे.

एकतीस पानांत तरी
या खिडकीबद्दल काही नव्हतं.
बत्तिसावं
अजून वाचायचंय.